लोकरीचा चर

फावडे आत गेले. झाले ते एवढेच. पण थोरली दचकली आणि पुढे कोलमडता कोलमडता भिंतीला हात देऊन सावरली. सवयीने तिने पात्यावर पाय ठेवून अंगाचा सगळा भार टाकला होता. गेल्या पानगळीत याच कोपऱ्यात तिला फावड्यावर अक्षरशः उड्या माराव्या लागल्या होत्या, आणि तरी पाते नुसते खरवडत राहिले होते. इथे पूर्वी कोळशाची खोली होती. ती पाडल्यावर खाली जी जमीन निघाली तिला जमीन म्हणणे हा नुसता उपचार होता. आज त्या जमिनीने काही म्हणजे काही विरोध केला नाही. पाते पार दांड्यापर्यंत बुडाले आणि वर मातीचा ओला, काळा, जाडसर लचका आला. थोरलीला ते आवडले नाही. गेले वर्षभर जे जे अपेक्षेपेक्षा वेगळे घडले होते ते तिच्या विरुद्धच घडले होते, तेव्हा हेही त्यातलेच असणार. उंदरांनी बिळे केली असतील, जमीन खालून पोकळ झाली असेल, नाहीतर कठीण काय आणि मऊ काय हे आता आपल्या पायालाही कळेनासे झाले असेल, बोटांसारखे. बोटांची आठवण झाली तसे तिने हातमोजे आणखी वर ओढून घेतले.

पुढे कोटांचे दुकान, वर दोन खोल्या आणि मागे ही एवढीशी बाग, तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूला दुकानाचे मागचे दार. दोघी बहिणी इथेच जन्मल्या, इथेच वडिलांच्या हाताखाली शिकल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि आता केस पिकल्यावरही साऱ्या गल्लीला थोरली आणि धाकटी याच नावांनी ठाऊक होत्या. थोरली कापड निवडायची, बेतायची, कापायची. धाकटी शिवायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. दोन्ही कामे ती एकाच वेळी करायची आणि दोन्हींत टाका चुकायची नाही. वडील गेले तेव्हा त्यांची मोठी कात्री थोरलीकडे आली आणि बागही आली, न मागता, न विचारता. बागेचा शिरस्ताही वडिलांचाच. पाने गळू लागली की चर खणायचा, त्यात शेजारच्या झाडाचा पालापाचोळा, गोठ्यातून आणवलेले शेणखत, स्वयंपाकघरातली साले, आणि वर कापलेल्या कोटांच्या चिंध्या अंथरायच्या, अस्सल लोकरीच्याच. मग माती ओढून चर झाकून टाकायचा आणि थंडीभर त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाही. "मेंढीच्या अंगावरचं आहे, मातीला चालतं," वडील म्हणत. "सावकाश खाते ती. घाई करायची नाही." वसंतात नुसते बोट खुपसून घेवड्याचे बी टाकायचे, बाकीचे माती बघून घेई.

दुपारी ठाणवाला यायचा होता. म्हणजे कापडाचा व्यापारी. वर्षातून एकदा, थंडी पडायच्या तोंडावर, गाडीभर ठाणे, म्हणजे कापडाचे तागे, घेऊन यायचा, म्हणून दोघींनी त्याचे ते नाव पाडलेले. आज पहिल्यांदाच थोरली कापड निवडणार नव्हती. तसे कुणी तिला बजावले नव्हते. धाकटीने सकाळी चहा ओतता ओतता इतकेच म्हटले होते, "तू बागेचं उरकून घे ना ताई, मी बघते त्याचं." आणि थोरली म्हणाली होती, "हो, बघ." एवढ्यावर चाळीस-एक वर्षांचा कारभार इकडचा तिकडे झाला होता आणि कपात साखरसुद्धा नेहमीइतकीच पडली होती. धाकटीने टाकून बोलायला हवे होते, भांडायला हवे होते. ती मायेने वागत होती आणि त्यामुळे थोरलीला कुठे बोट ठेवायलाच जागा राहिली नव्हती. गेले वर्षभर ती काज करत होती, बटणे लावत होती, तयार पँटी आखूड करत होती. कात्री खुंटीवर होती. येता-जाता ती तिच्याकडे बघायची नाही, पण आपण बघत नाही आहोत हे तिला प्रत्येक वेळी कळायचे.

दुसरा लचका उलटला तेव्हा मातीतून हिरवे काहीतरी डोकावले. पान असेल म्हणून तिने फावड्याच्या टोकाने ढोसले. ते पान नव्हते. तयार पँटीच्या दुमडीतून कापलेली पट्टी होती, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, वर्षभर जमिनीत राहून जशीच्या तशी. थोरलीने ती उचलून झटकली. माती गळून पडली आणि पट्टी पुन्हा लखलखीत झाली, काल कापल्यासारखी. तिला शिसारी आली. आणखी दोन निघाल्या, एक निळी, एक करडी. हा धाकटीचा उद्योग. धाकटीला चिंधी ती चिंधी. केरसुणीत जे आले ते तिने पाटीत भरले असणार आणि पाटी चरात उपडी केली असणार. नाही, थांब. धाकटीने नाही. पाटी मीच उपडी केली होती. ती फावडे हातात धरून तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडच्या झाडावरून एक पान सुटले आणि सावकाश गिरक्या घेत तिच्या पायाशी येऊन पडले, आणि ते पडेपर्यंत गेली पानगळ अख्खी तिच्या डोळ्यांसमोरून गेली.

त्या पाटीत काळे कापड होते. गेल्या वर्षी ठाणवाल्याच्या गाडीत अगदी तळाशी ते सापडले होते, शिक्का नाही, चिठ्ठी नाही, कुठल्या गिरणीचे हे त्यालाही सांगता आले नाही. थोरलीने बोटे ठेवली होती आणि थांबली होती. लहानपणी वडील दोघींच्या डोळ्यांवर अस्तराची पट्टी बांधून पुढ्यात तुकडे टाकायचे. धाकटी पट्टीखालून चोरून बघायची आणि तरी चुकायची. थोरली चुकायची नाही. "नकली कापड हाताला लगेच बोलतं," वडील सांगायचे, "आगाऊ पाहुण्यासारखं, दारातूनच. लोकर बोलत नाही. तिच्याजवळ थांबावं लागतं." त्या काळ्या ठाणापाशी ती थांबली होती आणि हळूहळू बोटांखाली ती ऊब आली होती, जी कापडातून येते की आपल्याच रक्तातून हे तिला जन्मात कधी ठरवता आले नव्हते. तिने अख्खे ठाण घेतले. पहिला कोट बेतून कापलाही. संध्याकाळी धाकटीने आपल्या रिवाजाप्रमाणे एक दोरा उसवून काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते. हे कोट शिवणाऱ्या कुठल्याही घरात पोरासोरांना ठाऊक असते. बशीत गोळी झाली होती. बारीक, काळी, मोहरीएवढी. "ताई," धाकटी म्हणाली होती, अगदी हळू, "गोळी झाली गं."

थोरलीने ती नखाने दाबून पाहिली होती. फुटली नाही. त्याच उन्हाळ्यात ती तापातून उठली होती आणि तेव्हापासून बोटांची टोके बधिर वाटायची; सुई हातातून निसटायची, एकदा तर तिने उजवी बाही डावीकडे बेतली होती आणि धाकटीने काही न बोलता दुरुस्त केली होती. संशय आधीच घरात येऊन बसला होता. गोळीने फक्त त्याला पाणी विचारले. ते ठाण मिश्र कापड म्हणून, मिश्र कापडाच्या भावात गेले, आणि थोरलीने उरलेल्या काळ्या चिंध्या, काठाची गुंडाळी, जमिनीवरच्या पँटींच्या पट्ट्या, जे काही होते ते सगळे पाटीत लोटून या दगडासारख्या कोपऱ्यात आणून पुरले होते. कोपऱ्याचे भले व्हावे म्हणून नाही. नजरेसमोरून जावे म्हणून. वसंतात तिथे बीही धाकटीनेच टाकले होते. त्या दिवशी फावड्यावर मारलेल्या उड्यांमध्ये खणण्यापेक्षा राग जास्त होता.

मग ते काळे कुठे आहे?

हा प्रश्न तिला पडला तेव्हा आधी तो साधाच वाटला, केर काढताना पडावा तसा. हिरवी पट्टी आहे, निळी आहे, करडी आहे. काळ्याच्या चिंध्या तर ओंजळी ओंजळी होत्या. मिश्र कापड मातीत संपत नाही. त्यातली लोकर तेवढी माती खाते आणि बाकीची जाळी परत करते. वडिलांनी एकदा अशी जाळी चरातून काढून खिडकीत टांगली होती आणि कापड गळ्यात मारणाऱ्याला बोलावून चहा पाजला होता, जाळीसमोर बसवून. जाळी असायला हवी. निदान काळे धागे, काळा गुंता. थोरली गुडघ्यांवर बसली. तिने ढेकूळ फोडले. आत गांडूळ होते, गुबगुबीत, रागावलेले. ते दुसऱ्या ढेकळात शिरले. तिने तेही ढेकूळ फोडले. गंमत म्हणजे आपण भितो आहोत की आणखी काही, हे तिला कळत नव्हते. आशा करायची तिची तयारी नव्हती. आशा करून तोंडघशी पडण्यापेक्षा बटणे लावलेली बरी, असा तिने वर्षभरात मनाशी तह केला होता. चिंध्या कदाचित दुसऱ्या टोकाला असतील. खोल असतील. हातमोज्यांतून काही कळत नाही म्हणून तिने ते काढून फेकले आणि उघड्या हातांनी माती उपसू लागली.

"काय हरवलं?" वरून आवाज आला. वरच्या मजल्यावर दोघींच्या खोल्यांशेजारी राहणारा बस ड्रायव्हर गॅलरीत उभा होता; निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण अजूनही सगळे त्याला तेच म्हणत आणि तो अजूनही रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनावर शेरे मारी. अंगात काळा कोट होता. त्याच ठाणाचा.

"काही नाही," थोरली म्हणाली.

"पुढच्या वर्षी घेवडा जरा बेताने लावा हो. या वर्षी माझ्या गॅलरीत चढून आला. दार उघडलं की शेंग तोंडात." त्याने कोटाची कॉलर वर केली. "आणि एक सांगायचं राहिलं. तुमची बहीण म्हणाली होती, मिश्र कापड आहे, थंडीला टिकणार नाही. अहो, आतून घाम फुटतो मला! परवा पार भिजलो तरी ऊब हटली नाही. मिश्र म्हणे."

थोरलीने वर पाहिले. त्या कोटाला ती वर्षभर जिन्यात चुकवत आली होती, उधारी बुडवलेल्या माणसाला चुकवावे तशी, मान खाली घालून. भिजल्यावर ऊब धरते ती एकच गोष्ट तिला माहीत होती. "नीट जपून वापरा," ती कशीबशी म्हणाली आणि पुन्हा मातीकडे वळली, आता मात्र दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत, लहान मूल वाळूत घुसते तशी.

काळी चिंधी एकही नव्हती. ओंजळी ओंजळी टाकलेली, आणि एकही नव्हती. होती ती माती: काळी, ओलसर, मुठीत दाबली की मुटका होणारी आणि बोट लावले की विरघळून जाणारी. याच कोपऱ्यात एका वर्षापूर्वी कोळशाची भुकटी आणि विटांचा चुरा होता. तिने मूठ भरून नाकाशी नेली, मग दुसरी मूठ. नसणे हा काही पुरावा नव्हे, असे तिच्यातली जुनी शिंपीण म्हणाली. नसलेले कापड धाकटीला दाखवणार कसे? आणि तेवढ्यात तिच्या बोटांना काहीतरी लागले. डोळ्यांना नव्हे, आधी बोटांना. बारीक, गुळगुळीत, ताणाचे. लगेच बोलणारे.

तिने ते अलगद सोडवून वर काढले. काठाची गुंडाळी होती. ठाणाच्या कडेची पट्टी ती कधी टाकत नसे. घेवड्याचे वेल काठीला बांधायला ती पट्टी फार कामाची, म्हणून गुंडाळून वर गाठ मारून ठेवायची, वडिलांसारखी, दोन वेढ्यांची. रागाच्या भरात तीही पाटीत गेली होती. गाठ तशीच होती. पण गाठीत आता पट्टी नव्हती; पट्टीच्या अगदी कडेचे तेवढे तीन-चार काळे दोरे होते, लांबच लांब, मोकळे, चकचकीत. त्यांच्यामधले कापड नाहीसे झाले होते. जिथे लोकर होती तिथे माती होती. ठाणाच्या कडा उसवू नयेत म्हणून गिरण्या काठात असले चिवट दोरे घालतात, कापड कितीही अस्सल असले तरी. थोरलीला हे माहीत होते. धाकटीलाही माहीत होते. आणि दोरा उसवायचा तर सगळ्यात सोपा कुठून? काठाकडून. तिथे टोक आपसूक हातात येते. थोरलीने नुसती गोळी पाहिली होती आणि ती नखाने दाबली होती. दोरा कुठला, हे विचारायला तिला भानच नव्हते, कारण आपण चुकलो आहोत हे तिला गोळी व्हायच्या आधीच पटलेले होते.

ती हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की गॅलरीतला ड्रायव्हर दचकून आत गेला. वर्षभर तिने आपल्या हातांना कापडापासून दूर ठेवले होते, बशा धुवायला, बटणे लावायला तेवढे वापरले होते, चोराला घरात ठेवावे तसे नजरेखाली. आणि चोरी त्यांनी केलीच नव्हती. डोळ्यांतून पाणी आले ते तिने मनगटाने पुसले आणि गालभर माती माखली. या दहा बोटांना कळत होते. तापातून उठल्यावरही कळत होते, बधिर असतानाही कळत होते, बाही चुकली त्या महिन्यातही. तिला कधी नव्हे तो आपल्या हातांचा अभिमान वाटला, उघड, निर्लज्ज अभिमान, आणि तो तिने मुळीच आवरला नाही.

"ताई! अगं काय झालं? कोण आहे?" मागच्या दारात धाकटी उभी होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. "ठाणवाला आलाय. आणि हा काय अवतार करून घेतलायस?"

थोरलीने गुंडाळी पुढे केली. "ओळख."

धाकटीने जवळ येत टाचण्या काढून कॉलरला लावल्या आणि गुंडाळी बोटांत घेतली. "दोरे आहेत. नकली." मग गाठ दिसली. "ही तुझी गाठ आहे."

"ते काळं ठाण. त्याच्या चिंध्या गेल्या वर्षी इथे पुरल्या होत्या."

"मग कापड कुठेय?"

"तू उभी आहेस त्यावर."

धाकटीने खाली पाहिले. चपलेखालची माती तिने टाचेने दाबली. टाच आत गेली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय जात होते ते थोरलीने एकेक करून वाचले, टाके मोजावे तसे.

"म्हणजे मी जाळलं ते..."

"काठ."

"काठ," धाकटी म्हणाली. आणि मग, "अगं बाई." आणि मग तिचा आवाज चढला. "आणि तू ऐकून घेतलंस? मी चिमूटभर दोरा जाळला आणि तू कात्री खाली ठेवलीस? थोबाडीत नाही मारलीस माझ्या?"

"मला वाटलं बोटं गेली."

"बोटं गेली म्हणे!" धाकटी आता रडतही होती आणि ओरडतही होती, दोन्ही कामे एकाच वेळी, नेहमीसारखी. "वर्षभर मी जिवाला घोर लावून बसले आहे की ताईचं कसं होणार. रात्र रात्र डोळा लागत नव्हता. मला एकटीला ते ठाणबीण काही कळत नाही गं, मी आपली बोलत राहते नुसती. चल आत. तो खोळंबलाय."

"खोळंबू दे."

"ताई!"

"चर उघडा टाकून येता येत नाही," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. नवा नव्हे, जुना. "उद्या थंडी वाढली तर सगळं वाया जाईल. त्याला सांग, बस."

मग तिने काम उरकले, सावकाश, मन लावून, कुणाची पर्वा न करता. हिरवी, निळी, करडी पट्टी वेचून बाजूला काढली. जे मातीला नको ते मातीला द्यायचे नाही. चर सारखा केला. तळाशी पाचोळा दाबला, वर शेणखत, वर पुन्हा पाचोळा, आणि मग यंदाच्या लोकरी चिंध्या, एकेक चाचपून. प्रत्येकीपाशी ती थांबली. प्रत्येक चिंधी जरा वेळाने बोलली. धाकटी आत गेली नाही. तिथेच उभी राहून बघत होती, आणि मध्येच बाहीने नाक पुसून पाचोळ्याची पाटी तिने न सांगता जवळ सरकवली. वरून माती ओढली, ढेकळे मुद्दाम मोठी ठेवली, ती थंडी फोडेल. शेवटी फावडे उलटे करून पाठीने दोनदा थोपटले. वसंतात इथे बोट घातले की बी आपणहून खाली जाईल, आणि उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या तोंडात पुन्हा शेंग. लावीन मी, बेताने नाहीच लावणार.

हात धुतले तरी नखांतली माती गेली नाही, आणि तिने ती उकरलीही नाही. दुकानात ठाणवाला लाकडी स्टुलावर बसला होता, ठाणे टेबलावर रचलेली. "आज धाकट्या बाई बघणार म्हणाल्या होत्या," तो जरा बावरून म्हणाला.

"बघतेय की," धाकटी म्हणाली. "ताईकडे बघतेय."

थोरलीने डोळे मिटले. पहिल्या ठाणावर बोटे ठेवली आणि थांबली. दुकानात घड्याळ वाजत होते, रस्त्यावरून एक गाडी गेली, ठाणवाला खाकरला. ती थांबली होती. मग बोटांखाली ऊब आली, तीच ती, वडिलांच्या वेळची, रक्ताची की कापडाची हे न सांगणारी. "हे ठेवा." दुसरे. "हेही." तिसऱ्यावर हात पडतो न पडतो तोच उचलला गेला. "हे न्या परत."

"अहो, ते तर सगळ्यात भारी आहे!" ठाणवाला उठलाच. "तपासून बघा हवं तर. काडी लावून बघा."

धाकटीने टेबलाच्या खणातून काडेपेटी काढली. थोरलीने डोळे उघडले नाहीत. पेटी उघडल्याचा आवाज झाला, काडी ओढल्याचा आवाज झाला, गंधकाचा वास आला. आणि मग कोपऱ्यातला स्टो भप्पकन पेटला आणि त्यावर चहाचे आधण चढले.

"तपासलं की," धाकटी म्हणाली, "आत्ताच. तुमच्या देखत." आणि जाता जाता तिने खुंटीवरची कात्री काढून थोरलीच्या पुढ्यात ठेवली.